ट्यूब उलटी करून मागची बाजू वाचा

एका वाचक ताईंचं पत्र, थोडं लहान करून:

"नमस्कार ताई, मी कोथरूडला राहते, वय ४४, ऑफिस हिंजवडीला, रोज टू-व्हीलरवरनं जाणं-येणं. मान आणि उजवा खांदा इतका आखडतो की संध्याकाळी हेल्मेट काढतानाच कळ येते. रात्री मलम चोळून वर गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपते, तेवढंच बरं वाटतं. नवरा दर रविवारी सिंहगड चढतो आणि मंगळवारपर्यंत मांड्या धरून जिना उतरतो. सासूबाईंच्या पोटऱ्या दुखतात, त्यांचं व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालंय, ॲसिट्रॉम चालू आहे. घरात वोलिनी, मूव्ह, आयोडेक्स, एक स्प्रे, महानारायण तेल आणि नणंदेनं उटीहून आणलेली विंटरग्रीन तेलाची बाटली, असा अख्खा ड्रॉवर भरलाय. ज्याच्या हाताला जे लागेल ते तो लावतो. सासूबाईंना उटीचं तेल आवडतं कारण ते चांगलं झोंबतं. माझा भाचा दोन वर्षांचा आहे, तो आला की तोच ड्रॉवर उघडून बसतो. यातलं बेस्ट कुठलं? एकच ठेवायचं तर कुठलं ठेवू?"

ताई, तुमच्या मानेकडे मी येतेच, पण आधी सासूबाईंचं बोलू कारण ते थांबण्यासारखं नाहीये. ते उटीचं तेल त्यांना आजपासून बंद करा. अगदी आज रात्रीपासून.

कारण सांगते. विंटरग्रीन म्हणजे आपलं गंधपुरा, आणि त्या तेलात जवळजवळ सगळंच मिथाइल सॅलिसिलेट असतं. हे ॲस्पिरिनच्याच कुटुंबातलं. आपल्याला वाटतं वरून तर लावतोय, पोटात थोडीच जातंय, पण ते कातडीतून रक्तात उतरतं, आणि जितक्या मोठ्या भागावर चोळाल, जितकं रोज लावाल, वर जितकं गुंडाळाल किंवा शेकाल तितकं जास्त उतरतं. ॲसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवायची गोळी, तिचा डोस पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, बघून अगदी मोजून-मापून ठरवलेला असतो, आणि त्यावर रोज दोन्ही पोटऱ्यांना गुडघ्यापासून घोट्यापर्यंत हे तेल चोळलं की रक्त ठरवल्यापेक्षा जास्त पातळ होऊ शकतं. नुसतं मलम भरपूर लावून आयएनआर वाढल्याच्या केसेस वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत, ही माझ्या मनची भीती नाही.

तेव्हा त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करून सरळ सांगा की इतके दिवस हे तेल लावत होतो, आयएनआर लवकर करून घेऊ का. ॲसिट्रॉम मात्र स्वतःहून बंद करायची नाही, एक गोळीसुद्धा नाही, व्हॉल्व्ह असलेल्या माणसाला ते फार महागात पडतं. हिरड्यातून रक्त, नाकातून रक्त, कुठे आपटलं नसताना अंगावर काळे-निळे डाग, काळी शी, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. आणि मूव्ह, आयोडेक्स, वोलिनी हेही त्यांना नको. उटीच्या तेलाइतकं कडक नसलं तरी तिन्हींत तेच गंधपुरा आहे, आणि वोलिनीत वर डायक्लोफेनॅक हे सूज-दुखणं कमी करणारं औषधपण आहे, ते रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरायचं नसतं.

मग त्यांना लावायचं काय? साधं तिळाचं तेल, कोमट करून, हलक्या हातानं, रगडायचं नाही कारण त्यांना लगेच डाग पडतील. पण त्याआधी एक गोष्ट नीट विचारा त्यांना, पोटऱ्या कधी दुखतात? चालायला लागलं की भरून येतात आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत मोकळ्या होतात असं असेल तर तो स्नायूंचा थकवा नसून पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. आणि एकच पोटरी सुजली, लाल झाली, हाताला गरम लागतीये असं असेल तर तिला कुणी हातसुद्धा लावायचा नाही, तेल नाही, मालिश नाही, शेक नाही, थेट डॉक्टर. आत रक्ताची गुठळी असेल तर चोळण्यानं ती सुटून वर जाऊ शकते. आपल्याकडे पाय दुखला म्हटलं की पहिल्यांदा घरातलं कुणीतरी चोळायलाच बसतं, आणि ते प्रेमानंच असतं, म्हणून हे मुद्दाम लिहितीये.

दुसरं, भाचा. गंधपुऱ्याच्या शुद्ध तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलीमध्ये, साधारण ७ ग्रॅम सॅलिसिलेट असतं. ३२५ मिलीग्रॅमच्या ॲस्पिरिनच्या वीसहून जास्त गोळ्या एकदम घेतल्यासारखं. दोन वर्षांच्या मुलासाठी तो एक चमचा जीवघेणा आहे, आणि त्याला वास असतो चॉकलेट-गोळ्यांसारखा छान गोड, मुलं तोंडाला लावतातच. कापराचं तेल, कापूर असलेले बाम, यांचंही तसंच, लहान मूल गिळलं तर झटके येतात. हा ड्रॉवर रिकामा करून सगळं वरच्या कपाटात, कुलपात. आणि मोठ्यांनीसुद्धा ते उटीचं तेल थेट लावू नये, लावायचंच तर दोन चमचे तिळाच्या तेलात चार-पाच थेंब, तेवढं पुरे.

आता तुमचा मूळ प्रश्न, बेस्ट कुठलं.

मी इतकी वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहिले त्यात हा प्रश्न ज्या पद्धतीनं विचारला जातो ते ठरलेलं आहे. माणूस एक हात मानेवर ठेवून येतो आणि म्हणतो, "स्ट्राँग काहीतरी द्या." स्ट्राँग म्हणजे ज्यानं जास्त जळजळ होईल ते. सासूबाईंचं "चांगलं झोंबतं" तेच. आणि मी प्रत्येकाला एकच सांगत आले की ट्यूब उलटी करा आणि मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. तुम्हीही आत्ता चष्मा लावून ड्रॉवरमधल्या सगळ्या ट्यूबा ओळीनं उलट्या करून बघा. मूव्ह आणि आयोडेक्सवर आयुर्वेदिक औषध असं लिहिलेलं दिसेल, आत गंधपुरा तेल, पुदिन्याचा सत्त्व, निलगिरी, तर्पीन. वोलिनीवर इंग्रजी नावं दिसतील, डायक्लोफेनॅक, मिथाइल सॅलिसिलेट, मेंथॉल, जवसाचं तेल. आता पुदिन्याचा सत्त्व म्हणजेच मेंथॉल आणि गंधपुरा म्हणजेच मिथाइल सॅलिसिलेट. म्हणजे एक आयुर्वेदिक, एक ॲलोपॅथी, एक बाईंनी सुचवलेलं, एक टीव्हीवर बघितलेलं असं करत करत तुम्ही तीच दोन औषधं पुन्हा पुन्हा विकत घेतलीत, फरक फक्त डायक्लोफेनॅकचा. त्यामुळे एकावर एक लावण्यात काहीच हशील नाही, सकाळी मूव्ह आणि संध्याकाळी आयोडेक्स केलं तर औषध बदललं असं होत नाही.

आणि त्या झोंबण्याचं म्हणाल तर ती जळजळ किंवा गारवा आत स्नायूपर्यंत पोचतच नाही, तो कातडीतल्या नसांपुरता असतो. आपल्या कातडीतल्या नसांवर थंड आणि गरम ओळखणारे वेगवेगळे सेन्सर असतात, मेंथॉल थंडीच्या सेन्सरला चाळवतं आणि मिरचीतलं कॅप्सेसिन गरमच्या. याच सेन्सरच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्यांच्या प्रयोगांत खरंच मिरची आणि पुदिन्यातलीच द्रव्यं वापरली होती. म्हणजे मेंथॉल लावल्यावर खांदा प्रत्यक्षात थंड झालेला नसतो, नस मेंदूला तसं कळवत असते, आणि त्या गडबडीत आतल्या दुखण्याचा निरोप मागे पडतो. हे खोटं बरं वाटणं नाही हां, दुखणं खरंच कमी जाणवतं, अर्धा तास, तास, कधी दोन तास. फक्त ते बरं करणं नाही. आखडलेला स्नायू आखडलेलाच असतो. म्हणून जास्त झोंबलं म्हणजे जास्त गुण हे डोक्यातनं काढून टाकायचं, जास्त झोंबलं म्हणजे कातडीला जास्त त्रास झाला, एवढाच त्याचा अर्थ.

इथेच ती गरम पाण्याची पिशवी येते. ताई, मलम लावून वर पिशवी, हे कृपा करून आजपासून बंद. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २०१२ मध्ये अशा दुकानात सहज मिळणाऱ्या मलमांबद्दल इशारा दिला होता कारण लोकांची कातडी भाजल्याच्या तक्रारी आल्या होत्या, काहींना फोड येऊन हॉस्पिटलमध्ये जावं लागलं, आणि पुष्कळांना तर एकदाच लावून. त्यातल्या गंभीर केसेस बहुतेक करून नुसत्या मेंथॉलच्या किंवा मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट दोन्ही असलेल्या मलमांच्या होत्या, ज्यांत मेंथॉल ३ टक्क्यांच्या वर आणि मिथाइल सॅलिसिलेट १० टक्क्यांच्या वर होतं. आपल्याकडच्या ट्यूबांवर मेंथॉल ५ टक्के असणं अगदी कॉमन आहे, बघा तुमच्या. वर उष्णता दिली की रक्तवाहिन्या फुलतात, औषध भसाभस आत जातं, शिवाय मेंथॉलमुळे कातडी बधिर झालेली असते त्यामुळे पिशवी किती गरम आहे ते कळत नाही, आणि तुम्ही तर त्यावर झोपताय. शेक आणि मलम यांत किमान दोन-तीन तास जाऊ द्या, आणि मलम लावलेलं असेल तर शेकायच्या आधी साबणानं धुऊन काढा. घरात कुणाला डायबेटिस असेल आणि पायाची जाणीव कमी असेल तर पायाला गरम पिशवी अजिबात नाही.

तुमच्या मानेसाठी मला विचाराल तर मी शेकावर जाईन. तुमचं जे दुखणं आहे, रोजचं, संध्याकाळी वाढणारं, कुठे पडल्या-आपटल्याशिवायचं, त्यात सूज नसते, स्नायू तासन्‌तास एकाच अवस्थेत ताणून धरल्यामुळे कडक झालेला असतो. कोथरूडहून चांदणी चौक, मग हायवे, मग हिंजवडीचा ट्रॅफिक, हेल्मेटचं वजन, पाठीवर लॅपटॉपची सॅक, खड्डा आला की दोन्ही खांदे आपोआप कानाकडे जातात आणि सिग्नललासुद्धा खाली येत नाहीत. मग आठ तास माऊस, तोही उजव्या हातात, आणि मग तोच रस्ता परत. मान जिथे खांद्याला मिळते तिथे बोटानं दाबून बघा, एक टणक गोळा हाताला लागेल आणि दाबल्यावर कळ डोक्यात जाईल. त्या गोळ्याला उष्णता आवडते.

पिशवी आहेच तुमच्याकडे, पण ती मानेच्या खळग्यात नीट बसत नाही, म्हणून मला मिठाची पुरचुंडी जास्त पटते. जाडं मीठ दोन वाट्या लोखंडी तव्यावर कोरडंच परतायचं, हवं तर मूठभर ओवा घालायचा, मीठ तडतडायला लागलं की गॅस बंद. जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा दुहेरी तुकडा घ्यायचा, नायलॉन-पॉलिस्टर नको, त्यात मीठ ओतून घट्ट गाठ मारायची आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. तिथे सहन झालं नाही तर दोन मिनिटं थांबायचं. सुरुवातीला नुसती टेकवून उचलायची, टेकवून उचलायची, मग जरा गार झाली की त्या गोळ्यावर ठेवून द्यायची. दहा-पंधरा मिनिटं, बास. पुरचुंडी खांद्याच्या आकारात बसते आणि कोरडा शेक असल्यामुळे कपडे ओले होत नाहीत. तेच मीठ पुन्हा पुन्हा वापरता येतं. टेकडीवर किंवा गावाकडे निर्गुंडी मिळत असेल तर तिचा पाला तव्यावर गरम करून याच पद्धतीनं बांधतात, आमच्याकडे आजीच्या वेळेपासून आहे, आणि तिचा वास मला आजही कुठल्याही स्प्रेपेक्षा बरा वाटतो.

पण शेकून तसंच झोपून गेलात तर उपयोग अर्धाच. शेकल्यावर किंवा मलम लावल्यावर जी अर्ध्या तासाची मोकळीक मिळते ती हालचालीसाठी असते. तेव्हा खुर्चीत ताठ बसा, डावा कान डाव्या खांद्याकडे न्या, उजवा खांदा वर येऊ द्यायचा नाही, वीस-तीस सेकंद तसंच, जोर लावून ओढायचं नाही. मग दुसरी बाजू. मग हनुवटी सरळ मागे आत घ्या, डबल चीन करतो तशी, पाच सेकंद, आठ-दहा वेळा. मग खांदे मागच्या बाजूनं गोल. हे रोज रात्री आणि ऑफिसमध्ये तासा-दीड तासानं एकदा, लाजू नका, बाजूच्या टेबलवालीपण करायला लागेल. सॅक पाठीवर घेण्याऐवजी पुढे पाय ठेवायच्या जागेत ठेवता आली तर ठेवा. दोन आठवडे हे नीट करा, मलमापेक्षा जास्त फरक याचा पडेल असं माझं स्पष्ट मत आहे.

सकाळी निघताना काही लावायचं असेल तर साधं मेंथॉलचं जेल थोडंसं चालेल, पण आपल्याकडची ती स्कार्फची भानगड लक्षात घ्या. मानेला जेल लावून लगेच वर स्कार्फ गच्च गुंडाळला आणि हेल्मेट घातलं की ते बंद पट्टी बांधल्यासारखं होतं, कातडी पोळते, आणि मेंथॉलची वाफ आतल्या आत डोळ्यांत जाऊन गाडी चालवताना डोळ्यांतून पाणी येतं. लावून वाळू द्या, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, हात साबणानं धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर लेन्स आधी, जेल नंतर. स्प्रेचं म्हणाल तर हात पोचत नाही अशा पाठीला तो सोयीचा, पण पेट घेतो, देवासमोर निरांजन चालू असताना किंवा गॅसजवळ मारायचा नाही.

डायक्लोफेनॅकचं जेल कधी घ्यायचं मग? जिथे खरोखर काहीतरी दुखावलंय तिथे. पाय मुरगळला, उसण भरली, वजन उचलताना कमरेत लचक बसली, सूज आली, अशा ताज्या दुखण्यात ते चांगलं काम करतं, हे अभ्यासांत नीट दिसलंय, आणि गोळी पोटात घेण्याच्या तुलनेत रक्तात फार कमी जातं, साधारण ६ टक्के, त्यामुळे पोटाला त्रास कमी. पण ते मेंथॉलसारखं लगेच जाणवत नाही, दिवसातून तीन-चार वेळा असं दोन-तीन दिवस नेमानं लावावं लागतं, आणि आपण काय करतो तर एकदा लावतो, झोंबलं नाही म्हणून दुसरी ट्यूब काढतो. ताज्या दुखापतीला पहिले दोन दिवस बर्फ, टॉवेलमध्ये गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं, शेक नंतर. मुक्या माराला आंबेहळद-तुरटीचा लेप किंवा लेपगोळी सहाणेवर उगाळून लावायची आपली जुनी पद्धत आहेच, कातडी फुटलेली नसेल तर खुशाल लावा. डायक्लोफेनॅक गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, शेवटच्या महिन्यांत तर नाहीच. ॲस्पिरिननं ज्यांचा दमा उसळतो त्यांनी आणि किडनीचा त्रास असलेल्यांनीही विचारूनच. पोटातून दुखण्याची गोळी चालू असताना वरून पुन्हा हेच नको. आणि लावलेला भाग उन्हात उघडा ठेवू नका.

महानारायण तेल ठेवा, ते चांगलं आहे. मूळ तिळाचं तेल, त्यात कितीतरी वनस्पती शिजवलेल्या, थंडीत आंघोळीआधी अर्धा तास कोमट करून जिरवायचं. त्यातला किती गुण वनस्पतींचा आणि किती तुमच्या नवऱ्यानं दहा मिनिटं खांदा चोळून दिला त्याचा, हे वेगळं काढणं अवघड आहे, पण कातडी भाजत नाही, रोज लावता येतं, आणि कोरड्या पडलेल्या कातडीलाही बरं. फक्त काष्ठौषधीच्या दुकानात कुणी "याहून जालीम" म्हणून विषगर्भ तेल हातात दिलं तर जरा जपून, त्यात धोत्रा, बचनाग अशी विषारी द्रव्यं असतात, वैद्यांनी सांगितलं तरच, जखमेवर नाही, आणि हात धुतल्याशिवाय पोळीला हात लावायचा नाही.

आता यजमानांचा सिंहगड. त्यांना सांगा की मांड्या चढताना दुखावत नाहीत, उतरताना दुखावतात. आतकरवाडीच्या वाटेनं खाली येताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावत असतो, त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून रविवारी संध्याकाळी काही वाटत नाही आणि सोमवारी-मंगळवारी जिना दिसला की घाम फुटतो. हे लॅक्टिक ॲसिड नव्हे, ते तर पिठलं-भाकरी खाऊन होईपर्यंत रक्तातनं गेलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं सगळ्यात जास्त आणि आठवड्याच्या आत आपोआप बरं. याला डायक्लोफेनॅकनं फारसा फरक पडत नाही, महागाची ट्यूब त्यावर संपवू नका. गरम पाण्यानं आंघोळ, हलक्या हातानं तेल, सोमवारी संध्याकाळी सपाट रस्त्यावर अर्धा तास चालणं, झोप. बरं वाटायला मूव्ह लावायची असेल तर लावू दे. एप्सम सॉल्ट विकत घ्यायला सांगणारे भेटतील, पण बादलीभर पाण्यात मूठभर टाकून ते कातडीतून स्नायूत जातं याला काही भक्कम आधार नाही, काम करतं ते गरम पाणीच. मध्येच एखाद्या दिवशी पर्वतीच्या किंवा वेताळ टेकडीच्या चढ-उताराचा सराव ठेवला तर मांड्या त्या उतरणीला सरावतात आणि रविवारनंतरचं दुखणं आपोआप कमी होतं. एकच लक्ष ठेवा, भरपूर दमल्यावर दुखणं भयंकर असेल आणि लघवी कोकसारखी गडद झाली तर मलम-बिलम बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल, स्नायू तुटून त्यातलं द्रव्य किडनीत अडकतं तेव्हा असं होतं.

तुमच्याही बाबतीत काही गोष्टी मलमाच्या नाहीत. हाताला मुंग्या, बोटं बधिर, हातातून वस्तू पडणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, हे असेल तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. दुखणं छातीतून डाव्या हातात किंवा जबड्यात जातंय, घाम येतोय, तर बाम चोळत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल. चाळिशीनंतर सगळंच अंग ठणकत असेल तर व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या, आणि कोलेस्टेरॉलची गोळी नव्यानं चालू झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, तिच्यामुळेही स्नायू दुखतात. तसं काही नसेल तर मानेसाठी आधी एखाद्या फिजिओथेरपिस्टकडे जा, दोन-तीन भेटींत तुमचे व्यायाम नीट बसवून देतील.

एकच ठेवायचं तर काय, असं विचारलंयत. एक ठेवू नका, दोन ठेवा. रोजच्या आखडण्याला महानारायण किंवा साधं तिळाचं तेल, आणि मुरगळण्या-लचकण्यासाठी एक डायक्लोफेनॅकचं जेल, ज्यावर "सासूबाईंना नाही" असं मार्करनं मोठ्या अक्षरात लिहा. बाकीच्या ट्यूबांच्या तारखा बघा, गेलेल्या टाकून द्या, उरलेल्या तुम्ही आणि यजमान संपवा, नवीन आणू नका. नवीन काहीही लावायच्या आधी मनगटाच्या आत थोडंसं लावून एक दिवस थांबा. आणि नणंदबाईंना वाईट वाटेल याची काळजी करू नका, त्यांना फोन करून व्हॉल्व्हचं आणि भाच्याचं कारण सांगा, त्यांनी उटीहून अशा बाटल्या आणखी कुणाकुणाला दिल्या असतील तर त्या घरांनाही हे कळायला हवं.